कॅलेंडरच्या पाठीवर

शाळा आमच्याकडे उशिरा उघडते,
जून संपता संपता.
तोवर मानेवाड्याच्या या दुसऱ्या मजल्यावर
कूलरचं पाणी आणि माझा संयम
दोन्ही तळाला गेलेले असतात.
मनी प्लांटची पानं पापडासारखी,
तिष्यच्या ओठांवर सालपटं.
दोघांनाही एकाच दिवशी नव्या मातीत घातलं,
एकाला निळ्या बादलीत,
एकाला तिसरीत.

कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवते.
डावीकडे झाडं, उजवीकडे पोरं.
तुळशीला मावा. तिष्यच्या डोक्यात उवा.
दोन्हीवर कडुनिंब.
उत्पलाची कबड्डी, डबा दुप्पट.
घाईत रकाने चुकतात कधी,
मग उत्पला मोठ्यानं वाचते,
"आई, मला म्हणे आठवड्यातून एकदाच पाणी,
अन् सावलीत ठेवायचं."

ऑगस्टमध्ये महापालिकेची माणसं आली,
टॉर्च मारून कुंड्यांखालच्या ताटल्या पाहिल्या.
एकीत अळ्या वळवळत होत्या,
सांडलेल्या स्वल्पविरामांसारख्या.
खालच्या डोंगरेबाईंचा नातू तेव्हा मेडिकलमध्ये होता,
सगळं घर त्याच्या प्लेटलेट मोजत बसलेलं.
त्या जिन्यात भेटल्या. काही बोलल्या नाहीत.
वर माझ्या बाल्कनीकडे त्यांनी पाहिलं नाही,
ते मला दिसलं.

त्या रात्री सगळ्या ताटल्या पालथ्या केल्या.
मग मी कडक झाले.
बाह्या लांब, नखं लहान,
झोपताना हळदीचं दूध, पेलाभर,
रिकामा पेला मला दाखवायचा.
तिष्य दाखवायचा. गाल वर आले त्याचे.
मी ऑफिसात सांगत सुटले, दुधाचा गुण.

फक्त स्नेक प्लांट पिवळा पडत गेला.
नर्सरीवाला म्हणाला होता, याले मारतो म्हटलं तरी मरत नाही ताई.
पाणी कमी केलं. खिडकी बदलली.
रविवारी ओल्या फडक्यानं पान न् पान पुसलं.
मातीला आंबूस वास,
वर पांढरी साय,
आणि कुठून कुठून मुंग्यांची रांग.

जानेवारीत पारा सातवर आला.
पांघरूण सारखं करायला उठले तर गादी रिकामी.
बाल्कनीच्या दारात तिष्य,
कानटोपी, पायात मोजे, हातात पेला,
कुंडीवर वाकलेला,
"पी ना बे लवकर. थंडी वाजून राहिली."

ओरडायचं होतं. आवाजच निघाला नाही.
"कधीपासून?"
"तान्ह्या पोळ्यापासून."
मी उभ्या उभ्या लिटर मोजले,
मग त्याचे गाल पाहिले,
मग मोजणं सोडून दिलं.

सकाळी कुंडी पेपरवर उलटी केली.
मुळं ओल्या पुठ्ठ्यासारखी, हाताला लागताच सुटत होती.
तिष्य शेजारी उकिडवा बसून
सुरीनं सडकं कापत होता, एकही शब्द न बोलता.
दोनच तुकडे निघाले धड.
एक वाळूत लावला,
एक कान तुटलेल्या कपात.
उत्पलानं पेन घेतलं आणि उजवीकडे लिहिलं:
तिष्य. दूध बंद. भाकर, संत्री, अर्धा तास ऊन.
डावीकडे:
स्नेक प्लांट. तसंच.

एप्रिलची परीक्षा, हिरवी जाळी पुन्हा बांधलेली.
कपातून कोंब निघालाय,
नुकत्या टोक केलेल्या पेन्सिलीएवढा.
बेल वाजली. डोंगरेबाई,
ऑगस्टनंतर पहिल्यांदाच वर आलेल्या,
मागे पदर धरून नातू, वाढून गेलेला, हडकुळा.
"शाळेत झाड आणायला सांगितलंय याला,
असलं एखादं तर द्या."
मी कप उचलला.
त्यांनी तो हातात घेतला, वर धरला,
बुडाखाली बोट फिरवून पाहिलं.
"चालेल," म्हणाल्या, "ताटली नको."
जिन्यात तिष्य त्या पोराच्या कानाला लागला.
काय सांगितलं ते मी विचारलं नाही.