आधी कुणाची लाईन

बाप खांबावर असायचा, मी खाली
पक्कड धरून.
सेलूच्या टेलिफोन खात्यातला नागोराव लाईनमन.
वावटळीनं तारा पडल्या की साहेबाच्या टेबलावर यादी:
आधी तहसील, मग जिनिंग, मग मोंढ्यातले आडते,
बाळंतपणाचा दवाखाना सतराव्या नंबरला.
एका वैशाखात त्यानं यादी खालून वाचली.
मेमो आला. माय म्हणाली, आता पगार कापतेत.
तो मेमोच्या पाठीवर
उद्याचे खांब मांडत बसला.

माझं शिक्षण तिथंच झालं. पदव्या नंतरच्या.

परभणीला कायद्याचं कॉलेज, मग दिल्ली,
मग असं काम की गावात सांगता येईना.
काय करायलीस नेमकं तिथं?
इंटरनेटचे नियम, आत्या.
म्हणजे टॉवर बसवायलीस?
नाही.
मग मोबाईलची दुरुस्ती?
नाही.
शेवटी तिनंच शेजारणीला सांगून टाकलं,
लेकरू कागदावर काम करतंय,
पण ते कागद दिसत नसतेत.

मसुदे. मसुद्यांवर हरकती. हरकतींवर खुलासे.
'शक्यतो' हा शब्द काढायला अकरा महिने लागले.
तो परत आला एका रात्रीत.
जिनिव्हात माईकवर तीन मिनिटं मिळायची,
अडीचला पिवळा दिवा, तीनला लाल.
वेबसाइटच्या नावांत कोणती देवनागरी अक्षरं चालतील
याची यादी होत होती.
कुणीतरी विचारलं, र आहे ना, मग हा टिंबवाला कशाला?
मी फळ्यावर लिहिलं दर्या. त्याखाली दऱ्या.
म्हटलं, एकात माणूस बुडतो, दुसऱ्यांत पडतो.
आमच्या भागात पहिला नाही, दुसऱ्या आहेत,
आणि 'दुसऱ्या' लिहायलाही हाच लागतो.
हसले. अक्षर राहिलं.
वीस वर्षांत पुरती जिंकलेली ही एकच गोष्ट,
एका टिंबाएवढी.

बाकी हरणं तपशीलवार आहे.
वादातले शब्द तिथं चौकोनी कंसात ठेवतात.
'नेट बंद करण्याआधी लेखी कारण जाहीर करावे'
हे माझं वाक्य सहा वर्षं कंसात होतं,
कोंडवाड्यातल्या जनावरासारखं,
कुणी सोडवायला येत नाही, कुणी लिलावही करत नाही.
सातव्या वर्षी कंस निघाले.
वाक्यासकट.

मागच्या पोळ्याला घरी होते. नेट बंद, तिसरा दिवस.
माय राशनच्या रांगेत.
जिनिंगमधल्या सरकीनं तिच्या बोटांच्या रेषा खाल्ल्या,
एरवीही मशीनला चार वेळा अंगठा द्यावा लागतो;
आज मशीन नुसतंच गोल फिरतंय.
दुकानदार मोईनभाई म्हणाले, अक्का, माझ्या हातात काय आहे?
मागून कुणी म्हणालं,
ही नागोरावची पोरगी इंटरनेटमधी हाय म्हणं.
सगळी रांग वळली.
मग लावा की मॅडम.

माझ्या पिशवीत चौसष्ट पानांचा अहवाल होता.
'शेवटच्या टोकावरचा नागरिक' हे शब्द त्यात नऊ वेळा, माझेच.
टोक समोर गव्हाच्या पोत्यावर बसलं होतं,
पोटऱ्या चोळत.

घरी बापानं विचारलं, ऑर्डर हाय का? सही कुणाची?
तहसीलमध्ये गेले. कारकून म्हणाला, वरून आलंय.
कशावर?
व्हॉट्सॲपवर.
त्यालाही हसू आलं, मग त्यानं ते आवरलं.
बाप ऐकून म्हणाला,
माझ्या मेमोवर तर सही होती.

त्यानं ट्रंकेतून तो मेमो काढला. मी एक कोरा कागद घेतला.
प्रति, मा. तहसीलदार, सेलू.
दोन तास लागले.
'शक्यतो' एकदाही आला नाही.
पोच मात्र अजून मिळालेली नाही.