मेहजबीनचा हंगाम

गांधी मैदानाच्या पायरीवर
कटवड्याचा कागद उलटा करून
घाटगे सरांनी लिहिलं: जिंकले चार.
"एवढंच बघायचं. बाकी हिशेब वाण्याचा."

मी वही पुढं केली.
हरलेल्या सहांत
आमच्याच पोरींनी सोडलेले अकरा झेल.
त्या धावा हिच्या नावावर चढवू कशा?

"मग स्ट्राइकआउट मोज की," पिंटू इंगवले म्हणाला,
"दांडकं हवेत फिरलं,
तिथं कुणाचे उपकार न्हाईत."

तेल पसरून चारचा आकडा
आरपार दिसायला लागला.

मेहजबीन खालच्या पायरीवर,
खांद्याला रुमालातला बर्फ.
"सर, मी एकूण चेंडू किती टाकले ओ?"

वहीत तो रकाना नव्हता.
तिच्या कोपरावरनं थेंब पडत होते.
मी तेच मोजायला लागलो.