शेऱ्याचा रकाना

विगोच्या धक्क्यावर पहाटे चारला
ओब्दुलिया वजनं टिपायला बसते,
करड्या खिडकीत, करड्याच बटणांपुढे.
ती खिडकी एलाडिओनं सत्त्याण्णव साली बांधली
आणि निवृत्त होताना कुणालाच समजावली नाही.

ती पडद्याकडे बघत नाही.
टॅब, टॅब, आकडा, एफ-फाइव्ह.
एफ-फाइव्ह म्हणजे पुन्हा तोल.
खोक्यातलं बर्फाचं पाणी निथळू दे,
मग पुन्हा तोल.

मी नवं घेऊन आलो, ब्राउझरात उघडणारं.
बोटीवरून चालेल, फोनवर चालेल,
मालकाच्या सुट्टीतल्या घरातूनही.
पांढरंशुभ्र, गोल कोपऱ्यांचं,
काही बसवायला नको, नुसता पत्ता टाका.

पहिल्याच पहाटे तिनं एफ-फाइव्ह दाबलं
आणि मेर्लुसाची चाळीस खोकी
पानासकट कोरी झाली.
ती काही बोलली नाही.
हातमोजे काढून टेबलावर ठेवले,
शेजारी शेजारी.

ते मी दुपारपर्यंत निस्तरलं.
चार ओळींचं काम, ब्राउझरची एक खोड मोडायची.

जुनी माहिती हलवताना मात्र
एक रकाना उरला : शेरा. ऐंशी अक्षरं.
आराखड्यात मीच लिहिलं होतं :
कुठल्या अहवालात येत नाही,
कुठली बेरीज त्यावर चालत नाही. गाळावा.

गाळण्याआधी सहज उघडला.

सुसो, तुझ्या आईचा फोन होता.
तीन नंबरचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही.
काटा थंडीत दोनशे ग्रॅम चढा दाखवतो, कोळ्याला भरायला लावू नका.
निळ्या डब्याला हात लावू नका.
निळ्या डब्याला कोणी हात लावला?

मग दोन हजार दोनचा डिसेंबर.
वजन शून्य. शेरा : तेल.
वजन शून्य. शेरा : आजही तेल.
वजन शून्य. शेरा : सगळे फावडी घेऊन किनाऱ्यावर. मीही चालले.
त्यापुढे कितीतरी शून्यं, शेरा रिकामा.
कामावर कोणी नसताना
ही शून्यं रोज कोण भरत होतं,
ते विचारायला मी तिच्याकडे गेलो
आणि विचारलं भलतंच :
नव्या शेऱ्यात अक्षरं किती ठेवू?
आता मर्यादा नाही, हवी तेवढी ठेवता येतात.

ती हातमोजे चढवत होती.
ऐंशीच ठेव, म्हणाली,
नाहीतर रात्रपाळीचा फ्रोइलान
कादंबरी लिहील.