जवसाच्या तेलातला चंद्र

चोपड्याच्या वाचनालयात, माळ्यावर,
दोन सतरंज्यांच्या मधे पडून होती ही तापी.
मागे चौकटीवर शाईनं: हिरामण दुसाने, सन १८८७.
आडनाव सोनाराचं. बाकी दप्तरात काही नाही.

चंद्र पिवळा पडलाय,
जुन्या नखासारखा.
जवसाचं तेल असंच करतं,
अंधारात ठेवलं तर जास्तच.
तेल इथल्याच घाण्याचं असणार.
विलायती बाटली परवडणारा माणूस
पोत्याच्या कापडावर नदी काढत नाही.

काडीला कापूस गुंडाळते, जिभेवर ओला करते.
हसू नका. थुंकीइतकं हळुवार औषध
मला अजून कुठल्या दुकानात मिळालेलं नाही.
बोटभर आकाशाला एक बोळा. काळा झाला, टाकला.
दुसरा.

दिवसा रंग दिसतो, चांदणं नसतं.
रात्री चांदणं असतं, रंग दिसत नाही.
मग ह्यानं निळा ओळखला कसा?
वासावरून?

दगाभाऊ पहारेकरी स्टूल ओढून बसतात.
“काय करी ऱ्हायनी ताई?”
चांद धुतेय, म्हणते.
ते बघतात कोळ्याच्या डोळ्यांनी:
चैत्र आहे हा. पाणी उतरलंय,
खडकानं पाठ वर काढलीय.
तिथं आता डोकंभर पाणी.
मग बराच वेळ गप्प. मग:
चुकला तुमचा सोनार.
चांद इकडे, आणि पाण्यातला त्याचा पट्टा तिकडे?

खरंच की. वीतभर डावीकडे
चमकत होतं पाणी, कुणाच्याही मालकीचं नसल्यासारखं.

पाचव्या दिवशी त्या पट्ट्याच्या वर,
बाभळीच्या शेंड्याशी, दिवा तिरका धरला
तेव्हा रंगाखालून उठला एक गोल फुगवटा.
पहिला चंद्र.
काढलेला, मग त्याच रात्रीनं लिंपून टाकलेला.

म्हणजे तो बसून होता वाळूत.
पाणी रंगवून होईतो
वर बघतो तर चंद्र सरकलेला.
त्यानं जे दिसलं ते काढलं.
पाण्याला हात लावला नाही.

“रात लांबनी व्हई त्यानी,” दगाभाऊ म्हणाले,
आणि किल्ल्या घेऊन खाली गेले.

पहिला चंद्र मी उकरला नाही.
तोंडाला कोरड पडली होती. माठातलं पाणी प्यायले.
उरलाय खालचा उजवा कोपरा, नुसता काळा.
त्यात कापूस आज थोडा तांबूस आला:
कंदील असेल,
ओल्या फडक्यानं अर्धा झाकलेला.