किती बादल्या

आमचं ऑफिस मार्केट यार्डाच्या मागं,
हळदीच्या गोदामावर, वरच्या मजल्याला.
ड्रॉइंगची घडी उलगडली की बोटं पिवळी होतात
आणि नवा क्लायंट हमखास विचारतो,
घरात लग्न आहे का.

दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून
उंबऱ्यापाशी एक फुटका क्यूब ठेवलाय,
मशिनमध्ये दाबून डमरूसारखा झालेला.
वरच्या अंगाला खिळ्यानं कोरलेली तारीख,
माझ्या जन्माच्याही आधीची.
कुणाचा, म्हणून पहिल्याच दिवशी विचारलं.
हजेरीपट पुढ्यात ओढत कुंभोजकर बाई म्हणाल्या,
"कळंल. पाय नको लावूस त्याला."

डिप्लोमाला मला स्लंप टेस्टमध्ये वीसपैकी अठरा.
दिग्रजच्या ओढ्यावर, तिसऱ्या फुटिंगला,
दुपारी साडेचारला माल घट झाला,
फावड्याला चिकटून बसला.
"सरकत न्हाई, बाई," दस्तगीर मिस्त्री म्हणाले
आणि मिक्सरमध्ये जादा बादली ओतली.
पुढच्या फेरीलाही.
माझ्या बापापेक्षा मोठा माणूस.
सिमेंटनं खाल्लेल्या त्याच तळव्यांनी
पहिल्या आठवड्यात मला ओळंबा धरायला शिकवलेलं:
दोरा नको बघू, दोऱ्याची सावली बघ.
मी क्यूब भरले, शेवटच्या फेरीतून भरले, एवढं खरं.
कोन मात्र न वापरताच धुतला,
डिकीत ठेवला
आणि रजिस्टरात लिहिलं: स्लंप ऐंशी.

सातव्या दिवसाचा आकडा कमी आला.
थंडी आहे, वाढेल,
असं मीच म्हणाले, कुणी विचारायच्या आत.
मग एकवीस दिवस
ते तीन क्यूब टाकीत, पाण्याखाली,
आणि मी वर,
डब्यातली भाकरी मोडताना,
मिरजेच्या बसमध्ये,
आईच्या प्रश्नाला "बरं चाललंय" म्हणताना.

अठ्ठाविसाव्या दिवशी लॅबमध्ये
काटा साडेपाचशेच्या पुढं जायला हवा होता.
तीनशे ऐंशीला थबकला.
बारीक चर्र झालं,
काटा माघारी फिरला.

मगदूम साहेबांसमोर मी उत्तर पाठ करून गेले:
सिमेंटची बॅच, वाळूतला ओलावा,
मिस्त्री ऐकत नाहीत.
त्यांनी चष्मा पुसला.
विचारलं, "किती बादल्या?"

कुणी, नाही.
का, नाही.
किती.

फेरीला एक, म्हणाले.
मग म्हणाले, शेवटच्या फेरीला दीड,
मी पाठ फिरवली होती, आवाज ऐकला.
त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात हिशेब मांडला,
पाणी भागिले सिमेंट,
उत्तर सतराच्या आसपास आलं.
"जुळतंय," म्हणाले,
जणू मी गणित सोडवून आणलं होतं.
मग दाराकडं हनुवटी केली.
"तो माझा. तासगावची टाकी.
फेरीला दोन.
मी लिहिलेलं, स्लंप सत्तर."

फुटिंग तोडायचं ठरलं. खर्च फर्मचा.
कुंभोजकर बाईंनी बेरीज दोनदा तपासली,
नाकानं श्वास सोडला, बस्स.
मिस्त्रींनी ब्रेकर दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही.
पाच दिवस.
खाली काळी माती, वर पांढरी धूळ,
आमच्यात शब्द नाही.
सहाव्या दिवशी चहा पुढं करत म्हणाले,
"त्या दिवशी अडवायचं हुतं मला."
हो.
"मी ऐकलं नसतं."
हो.
"तरी अडवायचं हुतं."

नवा माल पडायला लागला तेव्हा ऊन कललं होतं.
मला परत घट वाटला.
शब्द गळ्याशी आला, तिथंच राहिला,
तोवर मिस्त्रींनी बादली उचलली,
पालथी घातली
आणि तिच्यावर बसले.

"उचल कोन," म्हणाले.