सात नंबरचं फाटक

सेंट ऑझवल्डच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या,
मी रेडिएटरला टेकून उभा राहिलो.
तशी उभं राहायची सवयच आहे मला.
एकतीस वर्षं टॅनरी लेनच्या मैदानावर
सात नंबरच्या फिरत्या फाटकाशी
पायाने पॅडल दाबत आलोय:
खट्, एक माणूस आत.
खट्, दुसरा.

पडद्यावर नवं स्टेडियम होतं,
गावापासून साडेपाच मैल, मोटरवेच्या तोंडाशी.
एका अंगाला फर्निचरचं गोदाम, दुसऱ्या अंगाला काहीच नाही.
चित्रातली माणसं सगळी सडपातळ,
आभाळात औषधालाही ढग नाही.
तिथेच मला शंका आली.

नाव काय ठेवणार, कुणीतरी विचारलं.
गादीच्या कंपनीचं, म्हणे. दहा वर्षांचा करार.
मागून इनॉक ओरडला,
"बरं झालं, आपली टीम तशीही झोपलेलीच असते!"
सगळे हसलो. चेअरमनही हसला.
हसू ओसरलं तेव्हा मात्र
कुणी कुणाकडे बघेना.

हेडली म्हणाला, बसचं काय?
शेवटची चौदा नंबर सव्वानऊला,
मंगळवारची मॅच संपेस्तोवर साडेनऊ उलटतात.
म्हणजे मी शेवटचा अर्धा तास सोडायचा?
आपण गोल करतो ते तेव्हाच.
करतो तेव्हा.

कोपऱ्यावरच्या चिप्सच्या दुकानातली नुसरत
एप्रन न काढताच आली होती.
"मी आयुष्यात एक मॅच पाहिली नाही," ती म्हणाली,
"पण एक आड एक शनिवारी
माझं महिन्याचं भाडं
तुमच्या भुकेतून निघतं.
मला हात वर करता येतो का इथे?"
चेअरमननं वकिलाकडे पाहिलं.
वकिलानं घड्याळाकडे.

एकोणीस वर्षांची ब्रायनी सरळ म्हणाली, संडास.
बायकांसाठी दोन, त्यातल्या एकाची कडी तुटलेली.
इतिहास वगैरे ठीक आहे,
मी दोन वाजल्यापासून पाणी पीत नाही.

माझ्या खिशात कागद होता.
त्यावर बापाची गोष्ट लिहिली होती:
एका रात्री ग्राउंड्समनला बिअर पाजून
त्याची राख आम्ही उत्तरेच्या गोलपोस्टशी कशी पसरली,
आणि त्या मोसमात तिथे आमच्यावर
फक्त चारच गोल कसे झाले.
पाठ केलं होतं सगळं.
कुठे थांबायचं तेसुद्धा.

तेवढ्यात ग्वेंडानं व्हीलचेअर पुढे घेतली.

"अठरा वर्षं कॉर्नरच्या झेंड्यामागे बसतेय,
छप्पर संपतं तिथून एक हात पुढे.
उत्तरेचा गोल खांबाआड.
तिकडे झालेला एकही गोल मी पाहिलेला नाही,
तुमच्या ओरडण्यावरून ओळखते.
तुम्ही ज्याला घर घर म्हणताय ना,
त्या घरात मी अठरा वर्षं ओसरीवर आहे."

कुणीतरी खोकलं.
मी कागदाची घडी आणखी बारीक केली.
माझं फाटक साडेसोळा इंच रुंद.
हे त्या संध्याकाळी, परत जाताना मोजलं मी,
विजेरी दातांत धरून.
एकतीस वर्षांत कधी मोजलं नव्हतं.
ती आली की हसून म्हणायचो,
"पलीकडून ये गं, रोलर नेतात त्या दारानं."
तीही हसायची.
खट् वाजायचं नाही तिच्यासाठी.
मग ती आमच्या आकड्यात धरली जायची की नाही,
कुणास ठाऊक.

हात वर करायला सांगितलं तेव्हा
माझा कुठल्या बाजूनं गेला
ते इथे लिहीत नाही.
इनॉकनं पाहिलं.
आठवडा झाला, बोलत नाही.

ग्राउंड्समन म्हणतो, गोलपोस्टजवळचा
चौकोनी तुकडा कापून देतो गवतासकट,
टोमॅटोच्या खोक्यात बसेल एवढा.
त्यात बाप किती आणि माती किती, कोण सांगणार.
बघू म्हटलं.
मे महिन्यापर्यंत वेळ आहे.

शनिवारी मॅच.
फाटकाला तेल घालायचंय,
गुडघ्यालाही.