दोन आकडे

बावीस वर्षांचं काम, आणि हातात दोन आकडे.
एक: किती.
दुसरा: कुठल्या बाजूला.
वर्तमानपत्राचा मुलगा फोटो मागत होता.
म्हटलं, यात फोटो नसतोच हो.
तर तो असा ओशाळला, जणू आमच्या घरी कुणी गेलंय.

रबाळ्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्याला लागून
काशिनाथ मढवींचं लेथ.
मी पहिल्यांदा गेले तेव्हा हातात एक ड्रॉइंग:
अॅल्युमिनियमची चौकट, चार बाजूंना चार खोल्या,
मधोमध बेरिलियमची कांडी बसेल एवढी खोबण.
"काय पकडायचंय यात?"
क्ष-किरण. कांडीवर आपटून कुठल्या खोलीत जातात, ते मोजायचं.
चौघींत सारखेच गेले, तर ताऱ्याला काही म्हणायचं नाही.
समोरासमोरच्या दोन खोल्यांत जरा जास्त गेले, तर
"तर?"
तर तिथल्या चुंबकाचा कल कळतो.
त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला.
"मधे म्हणजे किती मधे?"

इतका नेमका प्रश्न मला कुठल्याच समितीनं विचारला नाही.

सोन्याचा मुलामा दिलेली तार, केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी.
ओढताना श्वास धरायचा.
खाली ताणासाठी पन्नास ग्रॅमचं वजन, वाण्याकडून आणलेलं
(हे कुठल्याही शोधनिबंधात नाही).
खाडीवरून दमट हवा आली की हाय व्होल्टेज चिरचिरायचं
आणि पडद्यावर टिंबांची झुंबड उडायची.
ती आकाशातली नव्हती,
ऐरोलीची होती.

पहिल्याच वर्षी यंत्र खोटं बोललं.
दिशाच नसलेला किरण समोर ठेवला
तरी म्हणे, आहे, थोडीशी आहे.
तीन टक्के.
आम्ही शोधायला निघालो होतो तेही तितकंच काहीतरी.
आठ महिने गेले. शाल्मली पीएचडी सोडून बँकेत लागली,
बरं केलं तिनं.
मग मढवींनी चौकटीला डायल लावला, बोटानं हळूहळू फिरवली:
"कांडी कलतेय मॅडम. वरचं टोक अर्धा मिलिमीटर."

तरीही यंत्राला स्वतःचं थोडं मत उरतंच.
म्हणून त्याला अक्षाभोवती फिरवत ठेवायचं,
की ते मत सगळ्या दिशांना सारखं वाटलं जातं
आणि शिल्लक राहतं ते ताऱ्याचं.
निवड समितीच्या खुर्च्याही फिरत्या होत्या.
उपयोग झाला नाही.

शिशाच्या डबीत लोह-पंचावन्न.
रोज सकाळी आधी ते दाखवायचं, खोल्या जाग्या आहेत ना बघायला.
पावणेतीन वर्षांत ते अर्धं होतं.
माझ्यासमोर आठ वेळा अर्धं झालं,
नाकारलेल्या प्रस्तावांपेक्षा पाच जास्त.
जिथे मिनिटाला शंभर टिचक्या पडायच्या
तिथे आता एकीसाठी थांबावं लागतं.
मीही टाकून दिलं नाही.

शेवटी वर गेलं.
एकाच मेलेल्या ताऱ्याकडे बारा दिवस बघितलं:
साडेआठ टक्के.
एकशे एकवीस अंश, उत्तरेकडून पूर्वेकडे.
अधिक-उणे दीड, अधिक-उणे पाच. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

संध्याकाळी मढवींकडे गेले. लेथ आता पुतण्या चालवतो.
गुडघ्यावर हात टेकत ते पत्र्याच्या जिन्यानं गच्चीवर आले.
तारा कुठाय, विचारलं. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हटलं.
त्यांच्या खिशातली सहा इंची पोलादी पट्टी घेतली
आणि डोक्यावर, आकाशाला टेकवावी तशी, तिरकी धरली.
हे एवढं.
"म्हणजे खाडीकडं."
पारसिकच्या डोंगराकडेही. याला बाण नसतो,
टोक कुठलं न् शेपूट कुठलं ते ठरत नाही.
बराच वेळ ते मान वर करून पट्टीकडे बघत राहिले.
माझा हात भरून आला.

"अधिक-उणे किती म्हणालात?"
पाच अंश.
"पाच!" त्यांनी पट्टी काढून घेतली, सदऱ्याला पुसली.
"आमच्यात पाच अंश म्हणजे भंगार."